जीपचे पाटे: कांदिवलीच्या कंपनीने जुन्या गाडीखाली नवं सस्पेन्शन घातलं त्याची गोष्ट

(लोकलच्या गर्दीत ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. अडखळणं, खोकणं काढून टाकलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आजचा भाग गाडीच्या अशा भागाबद्दल आहे, जो शोरूममध्ये कुणी वाकून बघत नाही. आपण रंग बघतो, स्क्रीन किती इंचाची ते बघतो, सनरूफ आहे का विचारतो. पण पहिला खड्डा आला की सगळा हिशोब खालच्या लोखंडाचा असतो. सस्पेन्शन.

आणि हा विषय मला सुचला तो आमच्या घरातल्या भांडणातून. म्हणून आधी ते भांडण सांगते.

आमच्याकडे एक जीप आहे. महिंद्रा एमएम ५४०, १९८८ची. बाबांनी ती १९९६ मध्ये कराडजवळच्या एका वडापवाल्याकडून घेतली आणि मुलुंडला आणली. वडाप म्हणजे काय हे मुंबईतल्या पोरांना सांगायला हवं. गावाकडे एसटी नसेल तिथे माणसं कोंबून नेणारी जीप. आत बसलेले दहा, मागे लटकलेले चार, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. त्या जीपमध्ये मी शाळेत गेले, गावाला गेले, क्लच सोडायला शिकले.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, गाडीत बसा, पण दणके नकोत. आता जुनी जीप आणि दणके नकोत, हे म्हणजे वडापाव खा पण तळलेलं नको असं झालं. आई म्हणाली, विकून टाका. बाबा काहीच बोलले नाहीत. पण दर रविवारी खाली जायचे, जीप धुवायचे, चालू करायचे, दहा मिनिटं आत बसायचे, बंद करून वर यायचे. हे बघवत नव्हतं.

मग मला वाटलं, मी हुशार आहे. जीप विकायची कशाला? तिचं सस्पेन्शन बदलू. वरून तीच जीप, खालून नवी गाडी. अमेरिकेत लोक १९६० च्या दशकातल्या दांडगट गाड्यांखाली आजच्या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन घालतात, त्याचे व्हिडिओ मी रात्र रात्र बघितले होते. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण त्या निमित्ताने वाचत गेले, काकांना विचारत गेले, आणि लक्षात आलं की हा प्रयोग आपल्याच उपनगरातल्या एका कंपनीने स्वतःच्या गाडीवर केलाय. तोही भर बाजारात, २०१० साली.

पाटा म्हणजे काय?

आधी दोन मिनिटं यंत्राची.

जुन्या जीपच्या चारही चाकांवर पाटे असतात. पोलादी पट्ट्यांची चळत. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली जरा आखूड, मग आणखी आखूड. मधोमध एक बोल्ट, आणि यू-बोल्टांनी ही चळत अॅक्सलला आवळलेली. चाक वर आलं की पाटा वाकतो, खाली गेलं की परत ताणतो. एसटी बंद पडली की प्रवासी म्हणतात ना, "पाटा तुटला", तोच हा पाटा. बैलगाडी सोडली तर चाकांवर चालणारं जवळपास सगळं एकेकाळी यावरच चालायचं. घोड्याची बग्गीसुद्धा.

पाट्याची गंमत अशी की तो एकटा दोन कामं करतो. गाडीचं वजन पेलतो आणि अॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. वेगळ्या दांड्या, आर्म काही लागत नाही. स्वस्त, दणकट, आणि आडगावातला माणूसही पट्टी बदलून देऊ शकतो.

अडचण दुसरी आहे. जीपचा पुढचा अॅक्सल म्हणजे एक सलग दांडा. या टोकाला एक चाक, त्या टोकाला दुसरं. पालखीचा दांडा दोन भोयांच्या खांद्यावर असतो तसा. एका भोयाचा पाय खड्ड्यात गेला की दुसऱ्याच्या खांद्यालाही झटका बसतो. म्हणजे डावं चाक खड्ड्यात, आणि मान हलते उजवीकडे बसलेल्याची. शिवाय तो अॅक्सल, त्यातला डिफरन्शियलचा गोळा, चाकं, हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली. ते जड धूड वरखाली आदळत राहतं, आणि त्यातलं बरंचसं तुमच्या मणक्यात येतं.

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तो सलग दांडा नसतो. प्रत्येक चाक स्वतःच्या आर्मवर, स्वतःच्या स्प्रिंगवर. डिफरन्शियल चेसीला पक्का बांधलेला. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला पत्ताही लागत नाही.

एवढं लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट यावर चालते.

दोन रेल्वे, दोन कारखाने

मुंबईच्या उपनगरांनी दोन गाड्या देशाला दिल्या. मध्य रेल्वेवर कुर्ला, पश्चिम रेल्वेवर कांदिवली.

कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कंपनी १९४४ची. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडण्यापासून. मग इटलीची फियाट आली. फियाट ११००, आणि पुढे १९७० च्या दशकात तिचंच नाव झालं प्रीमियर पद्मिनी. तुमच्या आजोबांची "फियाट" आणि मुंबईची काळीपिवळी, दोन्ही हीच. मुंबईत नोंद झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर तिचे फोटो होते, आठवत असेल.

आता त्या पद्मिनीच्या खाली बघा. मागे पाटे, पण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. इटलीतल्या शहरी कुटुंबासाठी बनलेली गाडी होती ती. तिला डांबरी रस्ता अपेक्षित होता. म्हणून पद्मिनीत पुढच्या सीटवर बसलेला माणूस जीपवाल्यापेक्षा सुखी.

कांदिवलीची गोष्ट वेगळी. २ ऑक्टोबर १९४५ ला लुधियानात एक कंपनी सुरू झाली, महिंद्रा अँड मोहम्मद. जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि त्यांचे भागीदार गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप सुट्या भागांत आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात झाली. पुढे काम वाढलं तसं कांदिवली पूर्वेला, आकुर्ली रोडवर मोठा कारखाना उभा राहिला.

जीप म्हणजे काय होती? दुसऱ्या महायुद्धातली सैनिकी गाडी. सहा लाखांहून जास्त बनल्या. तिचा आराखडा करताना कुणी "प्रवाशाला आरामदायी वाटेल का" असं विचारलंच नव्हतं. चिखलात जायला हवी, घाईत बनवता यायला हवी, रानात दुरुस्त करता यायला हवी. त्यासाठी चार पाटे आणि दोन सलग अॅक्सल हे उत्तर अगदी बरोबर होतं.

आणि आपल्याकडे ते उत्तर पुढची कित्येक दशकं बरोबरच राहिलं. कारण १९५० च्या भारतात बऱ्याच गावांना रस्ताच नव्हता. पोलीस, वनखातं, तहसीलदार, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर, सगळे जीपने जायचे. नंतर वडापवाले आले. त्यांना तर पाटा म्हणजे वरदान. भार वाढला की आणखी एक पट्टी घाला, काम झालं.

माझे काका बोरिवलीला राहतात. ते या कांदिवलीच्या कारखान्यात होते. त्यांना मी विचारलं, "काका, तुम्हाला कधी वाटलं नाही का, ही गाडी इतकी आदळते, काहीतरी करावं?" ते हसले. म्हणाले, "अगं, आदळते हे गिऱ्हाईक बोलतच नव्हतं. गिऱ्हाईक विचारायचं, किती माणसं बसतात?"

रस्ता बदलला

मग बदललं काय? रस्ता बदलला.

१९९० च्या दशकात बघा. मुंबईत पन्नासहून जास्त उड्डाणपुलांची योजना आली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. लोकांकडे मारुती आल्या होत्या, त्यामुळे गाडी म्हणजे मऊ असते हे पाठीला कळलं होतं. गाडी ताशी १०० ने पळवायला जागा मिळाली, आणि पाट्यावरची जीप त्या वेगाला भटकायला लागते. स्टिअरिंग सारखं सावरत बसावं लागतं.

जून २००२ मध्ये महिंद्राने स्कॉर्पिओ आणली. उंच, दणकट, पण चालवायला कारसारखी. ती शहरात खपली, गावातही खपली. पुढची चाकं स्वतंत्र. आता एकाच कंपनीच्या छत्राखाली दोन जमाती झाल्या. एकीकडे युद्धातल्या गाडीचा वारसा सांगणारी जीप, दुसरीकडे हायवेची स्कॉर्पिओ.

ऑक्टोबर २०१० मध्ये या दोघींचं लग्न लागलं. त्या गाडीचं नाव थार.

आज रस्त्यावर दिसते ती नव्हे हं. जुनी थार. ताडपत्रीचं छत, उघडे बिजागर, गोल दिवे. दिसायला थेट आमची एमएम ५४०. पण सीआरडीई मॉडेलच्या खाली वाकलात तर पुढे पाटा गायब! तिथे स्कॉर्पिओ-बोलेरोच्या घराण्यातलं स्वतंत्र सस्पेन्शन, टॉर्शन बारवालं. मागे मात्र सलग अॅक्सल आणि पाटेच.

टॉर्शन बार म्हणजे पिळाची सळई. लांब पोलादी सळईचं एक टोक चेसीला घट्ट, दुसरं टोक चाकाच्या आर्मला. चाक वर गेलं की सळई पिळली जाते, आणि परत उलगडते. ओला टॉवेल पिळताना हातात ताण येतो ना, तोच. फोर व्हील ड्राइव्हला हे सोयीचं, कारण चाकाला ताकद नेणारा शाफ्ट जिथून जातो तिथे कॉइल स्प्रिंगची अडचण होत नाही.

म्हणजे जे मला माझ्या जीपला करायचं होतं, तेच कंपनीने केलं होतं. जुनं शरीर, नवे पाय. आणि गंमत म्हणजे ते जोडकाम लपत नव्हतं. त्या थारला समोरून बघा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी बाहेर दिसतात, कारण पुढचा भाग एका कुळातला आणि मागचा दुसऱ्या. पुढच्या चाकांवरचे ते फुगलेले मडगार्ड तेवढ्यासाठीच.

त्यातही एक खुबी. त्याच नावाने स्वस्त डीआय मॉडेलही होतं, त्याला पुढेही पाटेच. म्हणजे एकाच शोरूममध्ये एकाच तोंडाच्या दोन गाड्या, एक जुन्या पायांची, एक नव्या. ज्याला शेतात न्यायची त्याने ही घ्या, ज्याला लोणावळ्याला न्यायची त्याने ती.

आणि तेव्हा भांडणंही झाली बरं का. जीपवाले चिडले. त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. सलग अॅक्सलवर एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, जमीन धरून राहतं. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तेवढी झेप नसते, चाक लवकर अधांतरी होतं. म्हणजे दगडधोंड्यांत पाट्याची जीप सरस, हायवेवर थार सरस. यात कोण श्रेष्ठ असा प्रश्नच नाही. तुमचा रस्ता कुठला, एवढाच प्रश्न.

अमेरिकेत काय चाललंय

ज्या व्हिडिओंनी माझं डोकं फिरवलं त्यांच्याबद्दल थोडं.

अमेरिकेत १९६४ ची पाँटिअॅक जीटीओ, मग डॉज चार्जर वगैरे, या गाड्यांना मसल कार म्हणतात. मोठं इंजिन, सरळ रस्त्यावर तुफान, वळण आलं की देवाचं नाव घ्या. कित्येकांच्या मागच्या बाजूला पाटेच होते. म्हणून तिकडे पिढ्यान्पिढ्या लोक त्यांचं खालचं अंग बदलतात. १९७४ चं मॉडेल म्हणून फोर्डची छोटी मस्टँग टू आली. तिचं पुढचं सस्पेन्शन इतकं आटोपशीर होतं की जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्यांनी ते जगभर वापरलं. आज लोक शेव्हरोलेच्या कॉर्वेट या स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शनही जुन्या गाड्यांखाली घालतात.

आणि इथे मला मोठा धक्का बसला. कॉर्वेट म्हणजे अमेरिकेची सगळ्यात नावाजलेली स्पोर्ट्स कार. तिच्या सस्पेन्शनमध्ये काय होतं माहितीये? पाटा! आडवा पाटा, आधी पोलादाचा आणि १९८० च्या दशकापासून फायबरचा. २०१९ च्या मॉडेलपर्यंत तो होता. चाकं स्वतंत्र, आर्म वेगळे, पण स्प्रिंगचं काम एका आडव्या पाट्याकडे. म्हणजे "पाटा म्हणजे मागासलेलं" हे मी जे धरून चालले होते तेच चुकीचं. दोष पाट्याचा नसतो. तो कशाला बांधलाय, किती जाड आहे, आणि त्याच्यावर आणखी काय काम लादलंय, यावर सगळं ठरतं.

दुसरी गोष्ट, पिळाची सळई. थारला ती २०१० मध्ये मिळाली. क्रायस्लर आपल्या गाड्यांना पुढे टॉर्शन बार १९५७ पासून लावत होती. डॉज चार्जरलाही तेच. म्हणजे ज्या क्रायस्लरच्या गाड्या कधीकाळी कुर्ल्यात जोडल्या गेल्या, तिचीच ही जुनी सवय.

आणि तिसरी गोष्ट तर ऐकाच. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत, मिशिगनमध्ये, रॉक्सर नावाची गाडी बनवायला घेतली. आपल्या थारचीच बहीण. पण ती रस्त्यावर चालवायची नव्हती, फक्त शेतात, रानात. मग तिला पुढे काय लावलं? सलग अॅक्सल आणि पाटे! कांदिवलीच्या कंपनीने जे भारतातल्या हायवेसाठी काढलं, तेच अमेरिकेतल्या रानासाठी परत घातलं. पुढे जीपचा ब्रँड ज्यांच्याकडे होता त्या फियाट-क्रायस्लरने तक्रार केली की ही आमच्या जीपसारखी दिसते, आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ते मान्य केलं. मग रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं.

बघा हं, कुर्ल्याची फियाट आणि कांदिवलीची जीप. दोघींच्या परदेशी माहेरच्या कंपन्या तोवर एक झाल्या होत्या.

आणि माझं काय झालं

आता कबुली.

मी पूर्व उपनगरातल्या एका गॅरेजवाल्याकडे गेले. नाव घेत नाही. तो म्हणाला, होऊन जाईल, खूप केलीत. भंगारात निघालेल्या एका गाडीचं पुढचं अख्खं सस्पेन्शन आणलं. आमच्या चेसीवरून पाट्यांचे हँगर कापले, नवे ब्रॅकेट वेल्ड केले. तीन आठवड्यांचं काम, अडीच महिने लागले.

जीप आली तेव्हा कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवरून मी ती तीनदा नेली. खरंच मऊ! बाबा हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

मग पुढचे दिवस. ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. दोन महिन्यांत पुढचे टायर आतल्या बाजूने गुळगुळीत. आणि एका रविवारी बाबांना घेऊन मी बोरिवलीला काकांकडे निघाले. जेव्हीएलआरवर, पवईच्या पुढे, एका खड्ड्यात चाक गेलं आणि स्टिअरिंग माझ्या हातातून फिरलं. मी वळवलं नव्हतं. जीप आपणहून बाजूच्या रिक्षाकडे गेली. वीतभर अंतर राहिलं. रिक्षावाल्याने शिव्या दिल्या, त्या योग्यच होत्या. मागे शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली बसल्या होत्या.

मी गाडी बाजूला घेतली. माझे हात थरथरत होते. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पूर्वी दणका बसायचा. पण गाडी कुठे जाणार ते कळायचं."

काकांनी संध्याकाळी जीपखाली टॉर्च मारला आणि पाच मिनिटांत सांगितलं. चाक वर जाताना आर्म एका गोलाईत फिरतो आणि स्टिअरिंगचा टाय रॉड दुसऱ्या. त्या दोन गोलाई जुळल्या नाहीत तर चाक वर जाताना आपोआप वळतं. आमच्याकडे आर्म एका गाडीचे, स्टिअरिंग दुसऱ्या गाडीचं. शिवाय डाव्या आणि उजव्या ब्रॅकेटमध्ये फरक. काका म्हणाले, "कारखान्यात चेसी जिगमध्ये आवळतात, मग वेल्डिंग करतात. तुमच्यावेळी पट्टीने मोजलं असेल."

तेव्हा मला थारचं मोल कळलं. सस्पेन्शन ही बदलायची वस्तू नाही. ते बदललं की स्टिअरिंग, ब्रेक, चेसीचे सांधे, चाकांमधलं अंतर, सगळं नव्याने ठरवावं लागतं. कंपनीने तेच केलं होतं, चाचण्या घेऊन, कागद करून. पॉवर स्टिअरिंग आणि ताकदवान इंजिन त्याच गाडीत आले ते उगाच नाही.

कायद्याचंही सांगते, कारण कॉमेंटमध्ये विचाराल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जे मूळ ठरवलंय त्यापेक्षा वेगळा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तिथे गाडी तपासतात. मी हे सगळं नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. त्या रिक्षाला धक्का लागला असता तर विमा कंपनीने पहिला प्रश्न हाच विचारला असता.

मिस्त्रीमामांचा उपाय

नशीब असं की काकांनी आमचा जुना अॅक्सल आणि पाटे भंगारात जाऊ दिले नव्हते. बोरिवलीत एक म्हातारे मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना मामा म्हणतो. आयुष्यभर जीपच केल्या. त्यांनी नवं सगळं उतरवलं, हँगर मोजूनमापून परत मूळ जागी लावले. मग जमिनीवर पाटे मांडले आणि मोजायला लागले.

"या गाडीनं माल वाहिलाय का?" त्यांनी विचारलं.

"वडाप होती," बाबा म्हणाले.

मागच्या पाट्यांत प्रत्येकी दोन पट्ट्या जास्तीच्या होत्या. १९९६ च्या आधी कधीतरी, चौदा माणसांसाठी घातलेल्या. आणि आम्ही तीस वर्षं तिघं-चौघं त्यावर बसत होतो! जीप आदळते, जीप आदळते म्हणत होतो. ती आमच्यासाठी नाही, त्या लटकलेल्या माणसांसाठी बांधलेली होती.

मामांनी जास्तीच्या पट्ट्या काढल्या. उरलेल्या सुट्या करून गंज घासला, मध्ये ग्रीस भरलं, कारण गंजलेल्या पट्ट्या एकमेकींवर सरकत नाहीत, आणि सरकल्या नाहीत तर पाटा वाकत नाही. सगळे बुश नवे, शॅकल नवे, चारही शॉकअप नवे. टायरमध्ये हवा गरजेपेक्षा खूप जास्त होती, ती कमी केली. पुढच्या सीटला चांगला फोम. माझ्या त्या प्रयोगाच्या चौथ्या भागापेक्षाही कमी खर्च.

जीप कारसारखी झाली का? नाही. सलग अॅक्सल आहे, पालखीचा दांडा आहे, दणका येणारच. पण पूर्वीसारखा वरपर्यंत जात नाही. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पट्टा लावून, हळू, तासाभराच्या आत. मुलुंड ते बोरिवली रविवारी सकाळी लवकर निघालं तर होतं तेवढ्यात. कराड नाही जमणार. गावाला आम्ही रेल्वेने जातो.

२ ऑक्टोबर २०२० ला, कंपनीच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवशी, नवी थार बाजारात आली. पुढे डबल विशबोन, मागे सलग अॅक्सलच पण कॉइल स्प्रिंगवर. पाटा पूर्ण गेला. ती गाडी तुफान खपली, आणि तिच्या मालकांत अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांनी तिला कधी चिखल दाखवलेला नाही. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्यांचा रस्ता सी लिंक आणि एक्सप्रेसवे आहे, त्यांच्या गाडीचे पाय तसे आहेत.

म्हणून तुमच्या घरी जुनी जीप असेल, आजोबांची पद्मिनी असेल, बुलेट असेल, तर माझ्यासारखं लगेच कापाकापीला निघू नका. आधी खाली वाका. ती गाडी कुठल्या रस्त्यासाठी, किती माणसांसाठी बांधली होती ते बघा. मध्ये कुणी काय घातलं ते मोजा. कदाचित तिला नवीन काहीच नको असेल, फक्त जुनं ओझं काढायचं असेल.

परवा काकांकडून परत येताना बाबा म्हणाले, पुढच्या रविवारी आईलाही घेऊन येऊ. आई म्हणाली, बघू. विकायचं नाव या महिन्यात तरी निघालेलं नाही.

तुमच्या घरातल्या गाडीची अशी काही गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आतली. निवडक पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!